विद्यार्थिनींची प्रतिनिधी कोणी निवडायची?

१९८९ साली आपल्या देशात मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले. कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींना सरकार निवडण्याचा हक्क मिळाला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९९४ साली, महाराष्ट्रात विद्यापीठांचा नवा कायदा झाला आणि त्यात याच मुलामुलींना आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडण्याचा हक्क ठेवला गेला नाही. प्रत्येक वर्गातून आदल्या वर्षीच्या परीक्षेत गुणवत्ता दाखवलेला एक विद्यार्थी, खेळ, एन.एस.एस., एन.सी.सी. आणि सांस्कृतिक कार्यक्रम यांतून एकेक. आणि शेवटी दोन विद्यार्थिनी, अशी महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेची रचना ठरली. या सर्वांना प्राचार्यांनी नेमायचे. परिषदेचे अध्यक्षही प्राचार्यच. नेमलेल्या विद्यार्थ्यांनी आपल्यातून एक सचिव निवडायचा, एवढीच काय ती निवडणूक उरली.

त्याच काळात गावात काय घडत होते ते आठवून पाहावे. महाराष्ट्राने १९९० सालीच पंचायतींमध्ये स्त्रियांसाठी तीस टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि देशभर एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. पुढे २०११ साली महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. आपल्या चळवळीतल्या आधीच्या पिढीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव शिबिरे घेतली, ग्रामसभेत उभे राहून कसे बोलायचे ते शिकवले, सही करण्याआधी ठराव वाचून घ्यायला शिकवले. म्हणजे शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईला निवडून येण्याचा हक्क मिळाला, आणि बी.ए. करणाऱ्या तिच्या मुलीच्या वाट्याला मात्र नेमणूक आली. एकवीस वर्षांची मुलगी कायद्याने सरपंच होऊ शकते. तीच मुलगी सकाळी कॉलेजात गेली, की तिच्या वतीने कोणी बोलायचे हे प्राचार्य ठरवत होते.

ही विसंगती आपल्याला फारशी टोचली नाही. विद्यार्थी निवडणूक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोटारसायकली उडवणारे, गुलाल उधळणारे मुलगे येतात. त्यात मुलींचे काय हित, असे वाटून आपण तो विषय विद्यार्थी संघटनांवर सोडून दिला. माझे म्हणणे असे आहे की हा प्रश्न मूळचा आपलाच आहे. विद्यापीठात शिकणाऱ्या मुलीला स्वतःची प्रतिनिधी स्वतः निवडता येत नाही, तोवर छळविरोधी समिती असो, वसतिगृहाचे नियम असोत की फीडबॅक फॉर्म असो, तिच्यासाठी केलेली प्रत्येक व्यवस्था तिच्या डोक्यावरून चालते.

गुणवत्तेला एस.टी.ची वेळ ठाऊक नसते

१९९४ च्या कायद्यामागे कारण नव्हते असे नाही. १९८९ साली मुंबईत कॉलेज निवडणुकांच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पैसा, दहशत, उमेदवारांची पळवापळवी हे प्रकार इतर ठिकाणीही होत होते. पालक धास्तावले होते आणि त्यांची धास्ती खरी होती. पण रोगावर जो उपाय केला त्याचा अर्थ नीट पाहायला हवा. दहशत करणाऱ्यांना शिक्षा झाली नाही. मत देणाऱ्यांचे मत गेले. बाईवर रस्त्यात हल्ला झाला की तिलाच घरात बसवायचे, ही आपल्या ओळखीची रीत आहे. इथेही तीच वापरली गेली.

शिवाय प्रतिनिधी होण्याची अट ठरली गुण. पहिल्या नंबराची विद्यार्थिनी हुशार असते, कष्टाळू असते, याबद्दल वाद नाही. पण परीक्षेतले गुण आणि दुसऱ्याचे दुखणे मांडण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी ज्या तालुक्यात काम करते तिथल्या एका कॉलेजात विज्ञान शाखेची प्रॅक्टिकल्स साडेपाचला सुटत आणि खेड्यांकडे जाणारी शेवटची एस.टी. सव्वापाचला निघे. मुली रोज प्रॅक्टिकल अर्धवट सोडून पळत, किंवा वडापच्या जीपमध्ये अंधारात दाटीने बसून घरी जात. दोघींचे शिक्षण घरच्यांनी याच कारणावरून बंद केले. या काळात वर्गाची प्रतिनिधी होती. ती गावातच, कॉलेजपासून दहा मिनिटांवर राहणारी होती. तिच्या मनात वाईट काही नव्हते. तिला हा प्रश्न कोणी सांगितलाच नव्हता, कारण ती आपली प्रतिनिधी आहे हे त्या मुलींना माहीत नव्हते. तिचे नाव कार्यालयाबाहेरच्या फलकावर होते, एवढेच. पुढे आम्ही मुलींची एक बैठक घेतली. त्यातून चौघींनी आगार व्यवस्थापकांना अर्ज दिला, प्राचार्यांनाही दिला, आणि प्रॅक्टिकलची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आली. काम तसे लहानच होते. ते कोणी करायचे, एवढाच प्रश्न होता.

गुणांच्या अटीला आणखी एक बाजू आहे. ज्या घरात अभ्यासाला टेबल आहे, शिकवणीला पैसे आहेत आणि भांडी घासायला दुसरे कोणी आहे, त्या घरातली मुलगी वरचे गुण मिळवण्याची शक्यता जास्त. जिच्या घरात ती पहिलीच कॉलेजात आलेली आहे, जी पहाटे पाणी भरून आणि संध्याकाळी धाकट्यांना सांभाळून शिकते, ती पास होते. पहिली येत नाही. मग गुणांवर प्रतिनिधी नेमायचा नियम कागदावर निःपक्ष दिसला, तरी त्याच्या चाळणीतून दलित, आदिवासी, भटक्या समाजातल्या मुली वारंवार खाली पडतात. ज्यांना सांगायचे सर्वांत जास्त आहे त्यांनाच बोलण्याची जागा मिळत नाही.

नवा कायदा, जुनी सवय

२०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि त्यात निवडणूक परत आली. प्रत्येक वर्गाचा प्रतिनिधी विद्यार्थ्यांनी निवडायचा. महाविद्यालयाच्या परिषदेचे अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती व इतर मागासवर्ग यांच्यातून आळीपाळीने एक प्रतिनिधी, ही पदेही विद्यार्थ्यांच्या मतांवर ठेवली गेली. प्राचार्यांनी नेमलेल्या दोन विद्यार्थिनींपासून मतांवर निवडलेल्या महिला प्रतिनिधीपर्यंत यायला बावीस वर्षे लागली. तरी ते पाऊल पुढचेच होते.

पण पाऊल उचलले आणि ते हवेतच राहिले. २०१९ साली विद्यापीठांनी निवडणुकांची तयारी केली, तेव्हा विधानसभेच्या निवडणुका तोंडावर आहेत म्हणून शासनाने त्या पुढे ढकलायला लावल्या. मग २०२० साली कोरोना आला. कॉलेजे उघडली, परीक्षा सुरू झाल्या, गॅदरिंग सुरू झाली. विद्यार्थ्यांचे मतदान मात्र पुढची काही वर्षे कोणालाच निकडीचे वाटले नाही. त्या काळात पदवीला प्रवेश घेतलेल्या मुली तीन वर्षे शिकून, पदवी घेऊन बाहेर पडल्या. कायद्याने दिलेले मत त्यांनी एकदाही दिले नाही.

यात नुकसान केवळ विद्यार्थी परिषदेचे नाही. याच कायद्याने प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती नेमायला सांगितले आहे. कॉलेजचे अंदाजपत्रक, नवे अभ्यासक्रम, सोयीसुविधा यांचा विचार तिथे होतो आणि तिची वर्षातून किमान चारदा बैठक व्हावी अशी अपेक्षा आहे. या समितीवर विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव सदस्य असतात. निवडणूकच झाली नाही तर त्या दोन खुर्च्या रिकाम्या राहतात, किंवा मर्जीतल्या कोणाला तरी तिथे बसवले जाते. मुलींच्या स्वच्छतागृहासाठी पैसे ठेवायचे की प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी, हे ठरताना त्या खोलीत कोण बसलेले असते, याला महत्त्व आहे.

छळविरोधी समितीतल्या तीन विद्यार्थिनी

आता अगदी आपल्या कामाच्या गोष्टीकडे येऊ. १९९७ च्या विशाखा निकालानंतर आणि २०१३ च्या कायद्यानंतर कॉलेजांमध्ये अंतर्गत तक्रार समित्या आल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ चे विनियम केले आणि ते मे २०१६ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाले. आपल्यापैकी अनेकींनी ते वाचले आहेत, त्यावर प्रशिक्षणे घेतली आहेत. त्यात एक तरतूद अशी आहे, की प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तेव्हा समितीवर तीन विद्यार्थी असावेत: एक पदवीचा, एक पदव्युत्तर, एक संशोधन करणारा, आणि ते पारदर्शक लोकशाही पद्धतीने निवडलेले असावेत. निवडलेले, नेमलेले नव्हे. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरच्या पदांवरच्या व्यक्तींनी समितीवर असू नये, असेही त्यात म्हटले आहे. सत्ता असलेल्यांना बाहेर ठेवायचे आणि ज्यांच्यावर सत्ता चालते त्यांना आत घ्यायचे, असा त्यामागचा विचार आहे.

प्रत्यक्षात काय दिसते? मी काही कॉलेजांच्या समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. एका ठिकाणी तीन विद्यार्थिनींपैकी एक संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या नात्यातली, दुसरी परीक्षेत पहिली आलेली, आणि तिसरीला आपण समितीवर आहोत हे सहीच्या वेळी कळले. एका मुलीने आपली तक्रार समितीपुढे न आणता मला बसस्थानकावर गाठून सांगितली. समितीवर तुमच्या तीन मैत्रिणी आहेत, त्यांच्याशी का नाही बोललीस, असे विचारले तर ती म्हणाली, "त्या आमच्या नाहीत ताई, त्या ऑफिसच्या आहेत." या एका वाक्यात सगळा प्रश्न आला. समितीची कागदपत्रे चोख होती, फलक लावलेला होता, वार्षिक अहवाल वेळेवर जात होता आणि त्यात तक्रारींची संख्या दरवर्षी शून्य होती.

निवडलेले प्रतिनिधी असले तर काय होऊ शकते, याचे उदाहरण दिल्लीत होते. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात १९९९ साली लैंगिक छळाविरोधात जी समिती उभी राहिली, तिच्यावर विद्यार्थी, शिक्षक आणि कर्मचारी यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी होते. समितीच्या निवडणुकीत उमेदवारांना मुलींसमोर उभे राहून छळ म्हणजे काय, गोपनीयता म्हणजे काय, यावर बोलावे लागे. म्हणजे निवडणूक हेच एक शिक्षण होते. २०१७ साली विद्यापीठाने ती समिती मोडून तिच्या जागी नेमलेली अंतर्गत समिती आणली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बनारस हिंदू विद्यापीठात छेडछाडीविरुद्ध मुली प्रवेशद्वाराशी बसल्या आणि त्यांच्यावर लाठीमार झाला. तिथला विद्यार्थी संघ कित्येक वर्षे बंद होता. आत बोलायला जागा नसली की माणसे दारात येऊन बसतात, आणि दारात बसलेल्यांशी बोलायला मग पोलीस येतात.

वसतिगृहांचेही तेच. मुलांना रात्री उशिरापर्यंत मोकळीक आणि मुलींना संध्याकाळी सात-आठला कुलूप, हे आपल्याकडे सर्रास चालते. २०१५ साली दिल्लीत 'पिंजरा तोड' या नावाने मुलींनी याविरुद्ध आवाज उठवला. आयोगाच्या विनियमांतही स्पष्ट लिहिले आहे, की सुरक्षिततेचे कारण सांगून मुलींच्या वसतिगृहाला मुलांच्या तुलनेत भेदभावाचे नियम लावू नयेत. हे वाक्य किती रेक्टरांनी वाचले असेल? २०२३ च्या जूनमध्ये मुंबईत मुलींच्या एका शासकीय वसतिगृहात विद्यार्थिनीवर बलात्कार करून तिचा खून झाला, आणि संशय वसतिगृहाच्याच पहारेकऱ्यावर होता. कुलूप बाहेरून लावून सुरक्षितता येत नाही. कोणत्या मजल्यावर दिवा नाही, कोण नको तेव्हा वर येतो, कोणत्या खोलीची कडी लागत नाही, हे तिथे राहणाऱ्या मुलींना ठाऊक असते. ते ऐकून घेणारी आणि त्याची दखल घ्यायला भाग पाडणारी व्यवस्था हवी.

वीस प्रश्नांचा फॉर्म

यावर हल्ली एक उत्तर मिळते: "आम्ही विद्यार्थ्यांचा फीडबॅक घेतो की!" २०१७ साली नॅकने मूल्यांकनाची नवी पद्धत आणली आणि तिच्यात विद्यार्थ्यांच्या समाधानाचे सर्वेक्षण आले. त्यात ठरावीक पर्यायांचे वीस प्रश्न होते आणि एकविसावा मोकळा, सूचना लिहिण्यासाठी. अभ्यासक्रम किती शिकवून झाला, शिक्षक तयारी करून येतात का, अंतर्गत गुण न्यायाने दिले जातात का, असे ते प्रश्न. प्रश्न चांगलेच आहेत. शिकवण्यावर विद्यार्थ्याला मत विचारणे ही आपल्याकडे मोठी गोष्ट आहे, आणि मी तिची टिंगल करणार नाही. पण त्या वीस प्रश्नांत स्वच्छतागृह नाही, वसतिगृह नाही, जाण्यायेण्याची सुरक्षितता नाही, छळ नाही, जात नाही. विद्यार्थ्यांना गुणवत्ता सुधारण्याच्या कामात सहभागी करून घेतले जाते का, असा एक प्रश्न मात्र आहे. त्याचेही उत्तर खूण करून द्यायचे. तुला कोणी विचारते का, हे मुलीला एकदा विचारायचे आणि खूण झाली की विषय संपला!

कॉलेजे स्वतः जे फॉर्म भरून घेतात त्यांची तऱ्हा आणखी निराळी. वर्षाच्या शेवटी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक येते, सोबत निरोप: "सर्वांनी आजच भरा." फॉर्मच्या वरच रोल नंबर विचारलेला असतो. अंतर्गत गुण ज्यांच्या हातात आहेत त्या सरांविषयी रोल नंबर लिहून खरे कोण लिहील? मग सगळीकडे 'उत्तम'वर खूण होते, त्याचे रंगीत आलेख निघतात, ते अहवालात लागतात. आपण काय लिहिले होते आणि त्याचे काय झाले, हे मुलींपर्यंत परत कधीच येत नाही.

२००५ च्या रोजगार हमी कायद्याने सामाजिक अंकेक्षणाची पद्धत आणली. गावात सगळ्यांसमोर मस्टर वाचले जाई. ज्याचे नाव आहे तो उभा राहून सांगे, मी या कामावर गेलोच नव्हतो. अभिप्राय याला म्हणतात. तो उघड्यावर वाचला जातो, त्याला उत्तर द्यावे लागते आणि उत्तर देणाऱ्याचे नाव लिहिले जाते. मातीकाम करणाऱ्या बाईला जे कायद्याने देता आले, ते एम.ए. करणाऱ्या मुलीला देताना आपण वीस प्रश्नांपाशी का थांबतो?

तक्रार निवारणाचेही पाहा. आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नवे विनियम केले. त्यातल्या समितीवर प्राध्यापक सदस्य आहेत आणि विद्यार्थी एक, तोही विशेष निमंत्रित म्हणून. परीक्षेतली गुणवत्ता, खेळ किंवा इतर उपक्रमांतली कामगिरी पाहून नेमलेला. १९९४ पासून २०२३ पर्यंत एवढे पाणी पुलाखालून गेले, तरी आपल्या वतीने कोणी बोलावे हे विद्यार्थ्यांनीच ठरवावे, हा साधा विचार व्यवस्थेला पचलेला नाही.

काही शंका

या विषयावर बोलले की कार्यकर्त्या मैत्रिणीही काही शंका काढतात. त्या रास्त आहेत.

पहिली शंका राजकारणाची: पक्ष कॉलेजात शिरतील. पण ज्या राज्यात कितीतरी शिक्षणसंस्थांचे अध्यक्ष आमदार, खासदार, माजी मंत्री आहेत, तिथे पक्ष कॉलेजात शिरलेले नाहीत असे कोण म्हणेल? राजकारण वरून चालते ते चालू द्यायचे आणि खालून आलेले तेवढे अडवायचे, हा न्याय कोणाचा? पैशाच्या आणि दहशतीच्या बाबतीत लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच लागू केल्या. उमेदवाराला पाच हजार रुपयांची खर्चमर्यादा, छापील पोस्टरांना बंदी, हजेरीची अट, हे सर्व त्यात आहे. जिथे वातावरण फारच बिघडले आहे तिथे काही काळ नेमणूक चालेल, पण पाच वर्षांत निवडणुकीकडे वळावे, असेही समितीने सांगितले होते. नियम आहेत. ते पाळायची इच्छा हवी.

दुसरी शंका: मुली उभ्याच राहणार नाहीत. घरचे म्हणतील, शिकायला पाठवलंय, पुढारपण करायला नाही. पंचायतीच्या वेळी हेच म्हटले गेले होते. बायका नवऱ्याच्या सांगण्यावरून सह्या करतील, म्हणून हसले गेले. काही ठिकाणी तसे झालेही. पण त्याच जागांवरून दारूबंदीचे ठराव झाले, पाण्याची टाकी आली, आणि दुसऱ्या खेपेला बाई स्वतः बोलू लागली. सराव केल्याशिवाय बोलता येत नाही, आणि जागा असल्याशिवाय सराव होत नाही.

तिसरी शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. निवडणूक झाली तरी जोर ज्याचा असेल त्याचाच निवडून येईल. उभ्या राहिलेल्या मुलीची बदनामी होईल, तिचे फोटो बिघडवून फिरवले जातील, आणि महिला प्रतिनिधी जुन्या काळच्या 'एल.आर.'सारखी हळदीकुंकवापुरती आणि रांगोळी स्पर्धेपुरती राहील. हे होऊ शकते. म्हणूनच निवडणूक आली की आपले काम संपले, असे मी म्हणत नाही. तिथून ते सुरू होते. प्रचारातली बदनामी हा लैंगिक छळ मानून अंतर्गत समितीने तिची तातडीने दखल घ्यायला हवी. आणि चार पदांत स्त्रीसाठी राखीव पद एकच का, हेही विचारायला हवे. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. विद्यापीठ त्याहून मागासलेले का असावे?

आपण काय करू शकतो?

मैत्रिणींनो, या बाबतीत आपण बाहेरून नुसत्या मागण्या करणाऱ्या नाही. कायद्याने आपल्याला आत बसवले आहे. प्रत्येक अंतर्गत समितीवर स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेची एक सदस्य असते, आणि ती बहुधा आपल्यापैकीच कोणीतरी असते. महाविद्यालय विकास समितीवरही सामाजिक कामातल्या स्थानिक व्यक्तीला घेता येते. आपणही तिथे नेमलेल्याच आहोत, हे विसरता कामा नये. आपल्याला बोलावणारी संस्था आपल्याला बदलूही शकते. म्हणून तर शेजारी बसलेल्या विद्यार्थिनी निवडून आलेल्या असणे आपल्यालाही बळ देणारे आहे.

समितीच्या पहिल्याच बैठकीत आपण एक प्रश्न विचारावा: या तीन विद्यार्थिनींची निवड कधी, कशी झाली? मतदान झाले असेल तर त्याची नोंद दाखवा. झाले नसेल तर ते कधी घेणार, ते आजच्या इतिवृत्तात लिहा. यासाठी नव्या कायद्याची, शासनाच्या परिपत्रकाची किंवा विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीची वाट पाहायला नको. विनियम २०१६ पासून आहे. एका वर्गात फळ्यावर नावे लिहून, चिठ्ठ्या टाकून हे मतदान एका दुपारी होऊ शकते.

दुसरे, महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. तिच्या धर्तीवर दर सत्रात विद्यार्थिनींची सभा व्हावी, अशी मागणी करता येईल. तिथे शिक्षक अध्यक्षस्थानी नसावेत. सभेत आलेले मुद्दे लिहून घ्यावेत, विकास समितीपुढे ठेवावेत, आणि प्रत्येक मुद्द्यावर काय ठरले ते मुदतीत फलकावर लावावे. मुलींनी खरेच निवडायला आणि विचारायला सुरुवात केली, की परिषदेच्या निवडणुकीत उभे राहायला त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

तिसरे, फीडबॅक फॉर्मवर नाव वा रोल नंबर नसावा, त्यात स्वच्छतागृह, वसतिगृह, प्रवास आणि छळ यांवर प्रश्न असावेत, आणि निकाल आलेखात न गुंडाळता वर्गात वाचून दाखवावा. हे करायला पैसा लागत नाही.

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत अनेक गटांतल्या मुलींना पूर्ण फीमाफी दिली. याचे स्वागतच आहे. मुली कॉलेजात येतील, अधिक संख्येने येतील. पण आलेल्या मुलीला आपण तिथे काय म्हणून वागवणार? फी माफ झाली म्हणून उपकृत राहणारी, नेमून दिलेल्या जागी बसणारी आणि 'उत्तम'वर खूण करणारी मुलगी घडवायची, की प्रश्न विचारणारी, आपली माणसे निवडणारी आणि त्यांना जाब विचारणारी नागरिक? उद्या हीच मुलगी ग्रामसभेत, युनियनमध्ये, स्वतःच्या घरात बोलणार आहे किंवा गप्प बसणार आहे.

आपापल्या गटात यावर चर्चा व्हावी. ज्या मैत्रिणी समित्यांवर आहेत त्यांनी आपल्या कॉलेजातल्या विद्यार्थी सदस्यांची निवड कशी झाली ते विचारून अंकाला कळवावे. पाच-पंचवीस कॉलेजांची माहिती एकत्र आली, तर पुढचे पाऊल काय असावे हे आपल्याला मिळून ठरवता येईल.